मार्शल अंतोनेस्कूचा ऑर्थोडॉक्स धर्म आणि त्याच्या वारशाचा वाद

आपला प्रश्न तीन पदरी आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील रोमेनियाचा हुकूमशहा मार्शल इयॉन अंतोनेस्कू हा मनापासून ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती होता, की धर्म हे त्याच्या राजकारणाचे साधन होते? तो श्रद्धाळू असेल, तर ज्यूंच्या संहाराशी ती श्रद्धा त्याने कशी जुळवली? आणि आज तिथले काही लोक त्याला हुतात्मा मानतात, ते कशाच्या आधारावर? चर्च त्याला कधी संत करील का, हेही आपण जाता जाता विचारले आहे. पूर्व युरोपचा इतिहास शिकवण्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत आणि हा प्रश्न प्रत्येक वर्गात या ना त्या रूपात येतोच. त्याच्या पहिल्या भागावर विद्यार्थी तासन्‌तास वाद घालतात. मला मात्र तो भाग सर्वांत कमी फलदायी वाटतो. अंतोनेस्कू ऑर्थोडॉक्स घरात जन्मला, ऑर्थोडॉक्स म्हणून वाढला, आयुष्यभर देवाचे नाव घेत राहिला आणि शेवटच्या पत्रातही त्याची भाषा श्रद्धावंताचीच होती. त्याच्या मनाचा तळ कोणाला दिसत नाही. त्याच्या सहीने निघालेले कायदे मात्र दिसतात, आणि त्यांतील एका कायद्यात आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर बरेचसे सापडते. त्याकडे येण्यापूर्वी थोडी पार्श्वभूमी सांगणे भाग आहे.

ख्रिस्ती धर्म म्हटले की मराठी वाचकापुढे बहुधा गोव्याचे किंवा वसईचे कॅथलिक चर्च, नाहीतर मिशनऱ्यांचे प्रॉटेस्टंट चर्च उभे राहते. ऑर्थोडॉक्स परंपरेची घडण त्याहून निराळी आहे. तिथे पोपसारखा एकच सर्वाधिकारी नसतो. देशोदेशीची चर्च आपापल्या धर्मसभेच्या कारभाराखाली स्वतंत्र असतात. रोमेनियाच्या चर्चला अशी स्वायत्तता 1885 मध्ये मिळाली आणि 1925 मध्ये त्याच्या प्रमुखाला पॅट्रिआर्क हे पद प्राप्त झाले. 1923 च्या राज्यघटनेने या चर्चला देशातील प्रमुख चर्च ठरवले होते, आणि पहिले पॅट्रिआर्क मिरोन क्रिस्तेआ हे तर 1938 मध्ये देशाचे पंतप्रधानच झाले. राष्ट्र, राज्य आणि चर्च ही तिन्ही वर्तुळे एकमेकांवर जवळजवळ तंतोतंत बसावीत, ही तेथील अनेक विचारवंतांची आकांक्षा होती. तत्त्वज्ञ नाए इयोनेस्कू याने 1930 च्या सुमारास मांडलेला मुद्दा प्रसिद्ध आहे: कॅथलिक माणूस ‘चांगला रोमेनियन’ म्हणजे निष्ठावान नागरिक होऊ शकतो, पण ‘रोमेनियन’ होऊ शकत नाही, कारण रोमेनियन असणे म्हणजेच ऑर्थोडॉक्स असणे. धर्मशास्त्राचा प्राध्यापक आणि कवी निकिफोर क्राइनिक याने याच धर्तीवर वंशाधिष्ठित राज्याचा सिद्धान्त रचला, आणि 1941 मध्ये तो अंतोनेस्कूचा प्रचारमंत्री झाला. म्हणजे अंतोनेस्कूला धर्म आणि वंश यांची सांगड नव्याने घालावी लागली नाही. ती त्याला आयती मिळाली.

त्याचा जन्म 1882 मध्ये पितेश्त येथे लष्करी परंपरेच्या घराण्यात झाला. पहिल्या महायुद्धात सेनापती प्रेझान यांच्या हाताखाली त्याने लष्करी मुख्यालयातील अधिकारी म्हणून नाव मिळवले, पुढे लंडन आणि पॅरिस येथे तो लष्करी प्रतिनिधी होता, आणि मग सैन्याचा प्रमुख व संरक्षणमंत्री झाला. तापट, शिस्तीचा भोक्ता, स्वतःच्या सचोटीचा विलक्षण अभिमान असलेला, अशी त्याची ख्याती होती. 1940 च्या उन्हाळ्यात रोमेनियाचे तीन बाजूंनी लचके तोडले गेले: जूनअखेरीस सोव्हिएत संघाने बेसाराबिया आणि उत्तर बुकोविना घेतले, 30 ऑगस्टच्या व्हिएन्ना निवाड्याने उत्तर ट्रान्सिल्व्हेनिया हंगेरीकडे गेला, आणि दक्षिण दोब्रुजा बल्गेरियाला द्यावा लागला. त्याच उन्हाळ्यात राजा कारोल दुसरा याच्यावर टीका केल्याबद्दल अंतोनेस्कूला अटक झाली आणि त्याला व्हिल्चा जिल्ह्यातील बिस्त्रित्सा मठात स्थानबद्ध करण्यात आले. संत ग्रेगरी डेकापोलिटचे अवशेष जतन केलेला हा जुना मठ भाविकांचे मोठे श्रद्धास्थान आहे. मठातून निघालेला हा सेनापती 4 सप्टेंबरला पंतप्रधान झाला आणि दोनच दिवसांत राजाला पदत्याग करावा लागला. संकटात सापडलेल्या राष्ट्राला मठातून आलेला तारणहार मिळाला, ही कथा रचायला मग प्रचारकांना फारसे कष्ट पडले नाहीत.

सत्तेत त्याचा पहिला भागीदार होता ‘महादूत मायकेलचे सैन्यदल’, ज्याला लोक ‘आयर्न गार्ड’ म्हणून ओळखतात. कोर्नेलियू कोद्रेआनूने 1927 मध्ये स्थापलेली ही संघटना युरोपातील फॅसिस्ट चळवळींमध्ये सर्वाधिक धार्मिक होती. तिच्या मिरवणुकांच्या अग्रभागी पवित्र चित्रे असत आणि शेकडो पाद्री तिचे सभासद होते. कोद्रेआनूवर 1938 मध्ये खटला चालला तेव्हा अंतोनेस्कूने त्याच्या बाजूने साक्ष दिली होती. पण ही भागीदारी पाच महिनेही टिकली नाही. नोव्हेंबर 1940 मध्ये गार्डच्या लोकांनी जिलावा तुरुंगात साठाहून अधिक राजकीय कैद्यांना ठार मारले आणि थोर इतिहासकार निकोलाए योर्गा यांचा खून केला. जानेवारी 1941 मध्ये त्यांनी उघड बंड केले आणि त्याबरोबरच बुखारेस्टमध्ये ज्यूंची कत्तल केली. अंतोनेस्कूने सैन्याच्या बळावर हे बंड मोडले आणि त्यात सामील झालेल्या पाद्र्यांनाही सोडले नाही. त्याचे समर्थक या घटनेचा दाखला देऊन म्हणतात की तो फॅसिस्ट नव्हता. माझ्या मते त्यातून एवढेच सिद्ध होते की देवाच्या नावाने चालणारी दुसरी सत्ता त्याला आपल्या शेजारी नको होती. गार्ड गेला, गार्डचे ज्यूद्वेषी धोरण मात्र राहिले आणि सरकारी यंत्रणेच्या हाती आले.

आता तो कायदा. बंडानंतर दोन महिन्यांनी, मार्च 1941 मध्ये, अंतोनेस्कूच्या राजवटीने एक फर्मान काढून ज्यू धर्मीयांना दुसरा धर्म स्वीकारण्यास बंदी केली. राष्ट्राच्या वांशिक शुद्धतेचे रक्षण हे कारण त्यासाठी दिले होते. ख्रिस्ती धर्माच्या कोणत्याही शाखेच्या दृष्टीने याचा अर्थ काय होतो, हे नीट पाहिले पाहिजे. ‘सर्व राष्ट्रांतील लोकांना शिष्य करा, त्यांना बाप्तिस्मा द्या’ ही ख्रिस्ताची शेवटची आज्ञा म्हणून मत्तयच्या शुभवर्तमानात येते. स्वतः ख्रिस्त, त्याची आई आणि त्याचे बारा शिष्य हे सगळे ज्यूच होते. स्वतःला ख्रिस्ती म्हणवणाऱ्या राज्याने बाप्तिस्म्याच्या कुंडावर पोलिसी पहारा बसवावा, ही गोष्ट धर्मशास्त्रात कुठेही बसत नाही. पोपचे राजदूत आंद्रेआ कासुलो यांनी याला विरोध केला, कारण रोमेनिया आणि व्हॅटिकन यांच्यातील कराराचाही तो भंग होता. अंतोनेस्कूच्या दृष्टीने मात्र फर्मान सुसंगत होते, कारण बाप्तिस्म्याने आत्मा तरतो की नाही हा त्याच्यापुढचा प्रश्नच नव्हता. रक्ताने रोमेनियन नसलेल्या माणसाने त्या दारातून राष्ट्रात शिरू नये, एवढाच त्याचा रोख होता.

हे एकच उदाहरण असते तर मी एवढा भर दिला नसता. पण 1942 मध्ये उरलेल्या दोन बाजूही उघड झाल्या. त्या उन्हाळ्यात सुमारे 25,000 रोमा म्हणजे जिप्सी लोकांना ट्रान्सनिस्त्रियात, म्हणजे युद्धात रोमेनियाने ताब्यात घेतलेल्या युक्रेनच्या प्रदेशात, हाकलण्यात आले आणि त्यांतले सुमारे 11,000 तिथे भूक, थंडी आणि टायफसने मेले. रोमेनियातील रोमा बहुतांशी ऑर्थोडॉक्सच होते. त्यांची मुले त्याच चर्चमध्ये बाप्तिस्मा घेत, त्यांची लग्ने तेच पाद्री लावत. काहींचे मुलगे तर त्याच वेळी रोमेनियन सैन्यात लढत होते. धर्म एक असूनही रक्तामुळे ते बाहेरचे ठरले. याउलट बाप्टिस्ट, ॲडव्हेंटिस्ट आणि बेसाराबियातील इनोकेंतिस्ट पंथाचे शेतकरी यांच्यात रक्ताने रोमेनियन असलेले लोक पुष्कळ होते, पण ते प्रमुख चर्चच्या बाहेर होते. 1942 च्या डिसेंबरअखेरच्या फर्मानाने अशा पंथांवर बंदी आली आणि इनोकेंतिस्टांपैकी अनेकांना बग नदीच्या दिशेने हद्दपारही केले गेले. ज्यूंना बाप्तिस्मा नाकारला, बाप्तिस्मा झालेल्या रोमांना हाकलले, आणि वेगळा बाप्तिस्मा घेणाऱ्या रोमेनियनांना गुन्हेगार ठरवले. ही तिन्ही धोरणे एकत्र ठेवली की ऑर्थोडॉक्स धर्म त्या राजवटीत नेमके कोणते काम करत होता, ते कळते. कुंपण म्हणून तो उभा होता, आणि कुंपणाचे फाटक वंशाच्या कडीने बंद होत असे.

युद्धाची भाषा मात्र पूर्णपणे धार्मिक होती. 22 जून 1941 रोजी जर्मनीबरोबर सोव्हिएत संघावर चाल करताना अंतोनेस्कूने सैनिकांना प्रुत नदी ओलांडण्याचा जो आदेश दिला, तो रोमेनियात आजही पाठ असलेले लोक भेटतात. त्यात बेसाराबिया आणि बुकोविनातील बांधवांच्या मुक्तीबरोबर विटाळलेल्या चर्चच्या सन्मानासाठी लढण्याचे आवाहन आहे. पॅट्रिआर्क निकोदिम यांनी या युद्धाला पवित्र युद्ध म्हणून आशीर्वाद दिला. हे निव्वळ ढोंग होते असे म्हणणे अन्यायाचे होईल. सोव्हिएत राजवटीत युक्रेनमधील चर्च खरोखरच बंद पडली होती, त्यांची कोठारे आणि करमणुकीची सभागृहे झाली होती, पाद्री तुरुंगात किंवा कबरीत होते. नीस्टर आणि बग या नद्यांमधला ट्रान्सनिस्त्रिया हा प्रदेश रोमेनियाच्या ताब्यात येताच तिथे ऑर्थोडॉक्स मिशन स्थापन झाले. आधी आर्किमँड्राइट (ज्येष्ठ मठवासी धर्मगुरू) युलियू स्क्रिबान आणि नंतर मेट्रोपॉलिटन (प्रांताचे मुख्य बिशप) व्हिसारियोन पुयू हे त्याचे प्रमुख होते. त्यांनी चर्च पुन्हा उघडली, हजारो मुलांना आणि प्रौढांनाही बाप्तिस्मा दिला, आणि कित्येक गावांतील म्हाताऱ्यांनी वीस वर्षांनंतर पहिल्यांदा ईस्टरची घंटा ऐकली.

त्याच प्रदेशात, त्याच गव्हर्नरच्या म्हणजे गेओर्गे अलेक्सियानूच्या अमलाखाली, ज्यूंचा संहार चालला होता. सुरुवात रोमेनियातच झाली: जून 1941 च्या अखेरीस याश शहरात सैनिक, पोलीस आणि जमावाने ज्यूंना मारले, आणि वाचलेल्यांना बंद मालडब्यांत कोंबून उन्हात दिवसचे दिवस फिरवले; बळींची संख्या 13,000 च्या वर असल्याचे मानले जाते. शहरातून ज्यूंना हटवण्याचा आदेश तेथील लष्करी तुकडीच्या प्रमुखाला अंतोनेस्कूने स्वतः टेलिफोनवर दिला होता. ऑक्टोबरमध्ये ओडेसा पडल्यानंतर रोमेनियन मुख्यालयात सुरुंगाचा स्फोट होऊन जनरल ग्लोगोजानू मेला, तेव्हा प्रत्येक मृत अधिकाऱ्यामागे 200 आणि प्रत्येक सैनिकामागे 100 कम्युनिस्टांना मारण्याचा हुकूम सुटला, आणि प्रत्यक्षात हजारो ज्यूंना गोळ्या घालण्यात आल्या, गोदामांत कोंडून जाळण्यात आले. गोल्टा जिल्ह्यातील बोग्दानोव्का छावणीत डिसेंबर 1941 मध्ये सुरू झालेल्या कत्तलीत 40,000 हून अधिक माणसे मारली गेली. ही कत्तल नाताळसाठी काही दिवस थांबवण्यात आली आणि सण उरकल्यावर पुन्हा सुरू झाली. वर्गात हा तपशील सांगताना मी त्यावर भाष्य करत नाही.

मंत्रिमंडळाच्या बैठकांची लघुलिपीत घेतलेली टिपणे शिल्लक आहेत, आणि अंतोनेस्कूच्या जबाबदारीचा वाद त्यांनी जवळजवळ मिटवला आहे. 16 डिसेंबर 1941 च्या बैठकीत ओडेसातील ज्यूंविषयी बोलताना तो अलेक्सियानूला सांगतो की त्यांना तळघरांत घाला, काळ्या समुद्रात टाका, पण शहरातून काढा. शंभर मेले, हजार मेले, सगळे मेले तरी चालेल. त्याआधी जुलैमध्ये उपपंतप्रधान मिहाय अंतोनेस्कूने (नात्याने मार्शलचा सख्खा कोणी नसलेला हा वकील त्याचा उजवा हात होता) त्याच मंत्रिमंडळात म्हटले होते की इतिहासाने आपल्याला रानटी ठरवले तरी मला पर्वा नाही. सार्वजनिक भाषणांत पदोपदी येणारा देव या बंद दाराआडच्या बोलण्यात क्वचितच डोकावतो. ज्यू समाजाचे नेते विल्हेल्म फिल्डरमान यांनी ऑक्टोबर 1941 मध्ये हद्दपारीविरुद्ध कळवळून लिहिलेल्या पत्रांना अंतोनेस्कूने वर्तमानपत्रांतून जाहीर उत्तर दिले. त्यात करुणेचा लवलेश नाही, उलट ज्यूंनीच रोमेनियन सैनिकांवर अत्याचार केल्याचा आरोप आहे. पुढे 1943 मध्ये फिल्डरमान यांनाही काही महिने ट्रान्सनिस्त्रियात पाठवले गेले.

आता समर्थकांचा सर्वांत भक्कम मुद्दा. 1942 मध्ये जर्मनीने रोमेनियाच्या जुन्या प्रांतांतील आणि दक्षिण ट्रान्सिल्व्हेनियातील ज्यूंना पोलंडमधील बेल्झेक येथील मृत्युछावणीत पाठवण्याची मागणी केली, मिहाय अंतोनेस्कूने आधी ती मान्यही केली, आणि शरद ऋतूत मात्र मार्शलने गाड्या सोडू दिल्या नाहीत. युद्धाअखेर या भागांतील किमान 2,90,000 ज्यू जिवंत होते. त्याच काळात हंगेरीच्या ताब्यातील उत्तर ट्रान्सिल्व्हेनियातून 1944 मध्ये सुमारे 1,35,000 ज्यू ऑश्विट्झला गेले, हे लक्षात घेतले तर हा नकार किती मोलाचा होता ते कळते. ते मोल नाकारण्याचे कारण नाही. पण त्यामागे काय होते? या प्रसंगात चर्चचा एक खरा धागा आहे. प्रमुख राबाय अलेक्झांद्रू शाफ्रान यांनी ट्रान्सिल्व्हेनियाचे मेट्रोपॉलिटन निकोलाए बालान यांची भेट घेऊन त्यांना साकडे घातले, आणि बालान यांनी अंतोनेस्कूकडे रदबदली केली. हेच बालान 1937 मध्ये स्पेनच्या यादवीत मारल्या गेलेल्या गार्डच्या दोन नेत्यांच्या, मोत्सा आणि मारिन यांच्या, भव्य अंत्यविधीत अग्रभागी होते. माणसे एका रंगात रंगवता येत नाहीत ती अशी. राजमाता हेलेन यांनीही जोर लावला आणि पुढे ज्यूसंहाराची स्मृती जपणाऱ्या इस्राएलच्या याद व्हाशेम संस्थेने त्यांचा गौरव केला. त्याचबरोबर युद्धाचे पारडे फिरत होते, उत्तर ट्रान्सिल्व्हेनियाबाबत हिटलरवर नाराजी होती, अमेरिकेचा इशारा होता, आणि स्वतःच्या ‘ज्यू प्रश्ना’वर जर्मनांनी हुकूम चालवणे अंतोनेस्कूच्या अहंकाराला खुपत होते. यांतले कोणते कारण किती वजनाचे, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत; मी सार्वभौमत्व आणि हिशेब यांना अधिक वजन देतो, कारण ज्यांच्यासाठी कोणी मध्यस्थ नव्हता त्या ट्रान्सनिस्त्रियातल्या लोकांचे मरणे त्या शरद ऋतूत थांबले नाही.

तिसऱ्या प्रश्नाचे, म्हणजे हुतात्म्याच्या प्रतिमेचे, मूळ त्याच्या मृत्यूच्या रीतीत आहे. 23 ऑगस्ट 1944 रोजी तरुण राजा मिहाय याने त्याला अटक करवली. सोव्हिएत कोठडीत जवळपास दीड वर्ष काढून तो परत आला, मे 1946 मध्ये बुखारेस्टच्या लोकन्यायालयात त्याच्यावर खटला चालला आणि 1 जून रोजी जिलावा येथे मिहाय अंतोनेस्कू, अलेक्सियानू आणि पोलीस खात्याचा जनरल वासिलियू यांच्याबरोबर त्याला गोळ्या घालण्यात आल्या. त्या क्षणाचे चित्रीकरण उपलब्ध आहे: बंदुका रोखल्या जात असताना तो टोपी उंचावून अभिवादन करतो. पत्नी मारियाला लिहिलेल्या अखेरच्या पत्रात त्याने तिला मठात जाऊन राहण्याचा सल्ला दिला, देशबांधवांच्या कृतघ्नतेबद्दल खंत केली आणि भावी काळ आपला न्याय करील असा विश्वास व्यक्त केला. मारियाच्या वाट्याला मठ आला नाही. तुरुंग आणि नंतर बारागानच्या मैदानात सक्तीचे वास्तव्य आले. त्याला मारणारे कम्युनिस्ट होते, खटला त्यांच्या सावलीत चालला, आणि पुढे चार दशके त्याच कम्युनिस्टांनी पाद्र्यांना छळले. त्यामुळे 1989 नंतर अनेकांच्या मनात सोपे समीकरण बसले, की कम्युनिस्टांनी ज्याला मारले तो श्रद्धेसाठी मेला. खटला राजकीय होता, हे खरे आहे. पण ज्या कृत्यांसाठी तो दोषी ठरला, त्यांचे पुरावे त्याच्याच कचेऱ्यांत तयार झालेले होते.

म्हणूनच 1991 मध्ये त्याच्या स्मृतिदिनी रोमेनियाची संसद मौन पाळून उभी राहिली, आणि गावोगावी त्याचे पुतळे उभे राहिले. त्यांतला सर्वांत बोलका पुतळा बुखारेस्टमधील संत कॉन्स्टंटाइन आणि हेलेन यांच्या नावाच्या चर्चच्या आवारात होता, कारण ते चर्च बांधण्यात अंतोनेस्कूचा वाटा होता. आपल्याकडे देवळाचा जीर्णोद्धार करणाऱ्याचे नाव शिळेवर कोरतात, तसा तिकडे चर्च बांधणाऱ्याला ‘क्तितोर’ म्हणून मान असतो आणि प्रार्थनेत त्याचे नाव घेतले जाते. त्या नात्याने हा अर्धपुतळा चर्चच्या आवारात शोभतो, असा युक्तिवाद होता. 2001 मध्ये त्याच्या अनावरणाला हजर राहिल्याने जनरल मिर्चा केलारू अडचणीत आले, आणि 2002 च्या सरकारी अध्यादेशाने मानवतेविरुद्धच्या गुन्ह्यांत दोषी ठरलेल्यांचा उदोउदो करण्यास बंदी घातली. नाटोत प्रवेश मिळवण्याची निकड त्यामागे होती, हे तिथे कोणी लपवत नाही. 2003 मध्ये अध्यक्ष इलियेस्कू यांनी ज्यूसंहारातून वाचलेले लेखक एली विझेल यांच्या अध्यक्षतेखाली आंतरराष्ट्रीय आयोग नेमला. त्याने 2004 च्या अहवालात रोमेनियाच्या ताब्यातील प्रदेशांत 2,80,000 ते 3,80,000 ज्यूंचा बळी गेल्याचे नोंदवले. तरीही 2006 मध्ये सरकारी दूरचित्रवाणीने ‘सर्वांत थोर रोमेनियन’ निवडायला लोकांची मते मागवली, तेव्हा अंतोनेस्कू सहावा आला. 2024 च्या अध्यक्षीय निवडणुकीच्या पहिल्या फेरीत आघाडीवर राहिलेल्या कॅलिन जॉर्जेस्कूनेही पूर्वी त्याला नायक म्हटले होते. ती निवडणूक पुढे घटनात्मक न्यायालयाने रद्द केली.

चर्च त्याला संत करील का, असे आपण शेवटी विचारले आहे. रोमेनियन ऑर्थोडॉक्स चर्चने 2025 च्या फेब्रुवारीत कम्युनिस्ट काळात छळ सोसलेल्या सोळा धर्मपुरुषांना संत म्हणून जाहीर केले. त्यांतल्या दुमित्रू स्तानिलोआए, इलारियोन फेलेआ आणि इलिए लाकातुशू या तिघांच्या निवडीवर, त्यांच्या गार्डशी असलेल्या जवळिकीमुळे किंवा ज्यूविरोधी लेखनामुळे, बुखारेस्टच्या विझेल संस्थेने जाहीर आक्षेप घेतला. चर्चने तो मानला नाही. म्हणजे त्या काळाच्या सावलीतून आलेली माणसे वेदीपर्यंत पोहोचू शकतात. अंतोनेस्कूचे नाव मात्र त्या यादीत नाही, आणि त्याच्याबाबत एक अडचण अशी आहे की ऑर्थोडॉक्स संतपरंपरेत कबर आणि अवशेष यांना मोठे स्थान असते. तो ज्या मठात स्थानबद्ध होता तिथे भाविक येतात ते अशाच अवशेषांसाठी. बुखारेस्टमध्ये दहनगृह उघडले तेव्हापासून चर्चने दहनाला कडाडून विरोध केला होता, आणि 1946 च्या जूनमध्ये अंतोनेस्कूचा देह नेमका त्याच दहनगृहात नेण्यात आला. त्याची कबर कुठेही नाही.